ठिपका नसलेली गावं

प्रज्ञा,

लोक अजून तेच विचारतात. दुकानात झेरॉक्सला आलेला माणूस कागद पुढं करता करता आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "वहिनी, वाघच होता ना?" मी नाही म्हणते. रानडुक्कर होतं. रस्ता ओलांडत होतं, तुझ्या स्कूटीवर येऊन आदळलं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मग थोडी निराशा दिसते, थोडा अविश्वास. गेलं वर्षभर तू वाघाच्या मागावर होतीस, तेव्हा न्यायचं तर त्यानंच न्यायला हवं होतं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मला त्यांचा राग येतो. मग तुझा येतो.

तू गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. पोरगी शांत होती, मोठ्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. मी बायकांमध्ये मागे बसले होते आणि मला कळेना की हे नक्की कोणाबद्दल चाललं आहे. तू शांत नव्हतीस. तू कोणाचंही ऐकायची नाहीस. निदान माझं तर नाहीच. त्या दिवशी माइक माझ्या हातात दिला असता तर मी एवढंच म्हणाले असते की आमचं भांडण अर्धवट राहिलंय. पण नणंदेच्या फोटोसमोर उभं राहून वहिनीनं असं काही बोलायची पद्धत नाही. म्हणून हे लिहितेय.

ते जाड पुस्तक घेऊन तू पुसदहून परत आलीस, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. पुसद माझं माहेर. तिथं मी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे, दुपारी घरात पोरांचा गलका असायचा. मुकुटबनला आले आणि दुपारी एकदम मोकळ्या झाल्या. घर चांगलं होतं. तुझे दादा चांगले, आई तर कधी वरच्या आवाजात बोलल्या नाहीत. पण जेवणं उरकली की मी भांडी घासून, पुसून, परत एकदा पुसून ठेवायचे, कारण त्यानंतर काय करायचं ते मला ठाऊक नसायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, तू मला कामाला लावलंस. तसं नव्हतं. तू मला त्या दुपारींतून उचललंस.

जावा या भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क शिकवणारं ते इंग्रजी पुस्तक. कोणाचं तरी वापरलेलं, कोपरा उंदरानं कुरतडलेला. घराला लागूनच असलेल्या दादांच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात मागे एक छोटी खोली आहे, तिथं तू एक जुना कॉम्प्युटर मांडलास.

"हे पुस्तक पूर्ण केलं का पुण्यात नोकरी लागते," तू आईंना सांगितलंस.

"आन् नाई केलं तं?"

"तं लग्न लागते."

आई हसल्या. मग तू माझ्याकडे वळलीस. "वहिनी, तुम्ही फक्त समोर बसा. मले कोणाले तरी समजावून सांगा लागते, तेव्हाच माह्या डोक्यात शिरते."

मी बसले. तू एकेक परिच्छेद इंग्रजीत वाचायचीस आणि मग आपल्या बोलीत सांगायचीस. फ्रेमवर्क म्हणजे काय, तर घराचा सांगाडा. पाया, भिंती, दारं सगळ्यांनाच लागतात, ती आयती मिळतात. आपण फक्त आपल्या खोल्या मांडायच्या. "आणि आपण कोणाले बोलवायचं नाई," तू म्हणालीस. "आपण कोड लिहून ठेवायचा आन् चूप बसायचं. वेळ आली का फ्रेमवर्कच आपल्याले बोलवते."

"वेळ आली म्हणजे?"

"म्हणजे कोणी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला का. तुम्ही घाबरता कायले?"

मी घाबरले नव्हते. ते वाक्य मला आवडलं नव्हतं, एवढंच.

पुस्तकातला पहिला धडा सोपा होता. ब्राउझरमध्ये एका ओळीचा नमस्कार दिसायला हवा होता. आपल्याला दिसलं ते पांढरं पान आणि वर 'पान सापडलं नाही'. पुस्तक जुन्या आवृत्तीचं होतं, मधल्या काळात नावं बदलली होती, हे शोधण्यात एक दुपार गेली. नावं दुरुस्त केली तरी पान पांढरंच. कोडमध्ये कुठं लाल अक्षर नाही, तक्रार नाही. तू एकेक ओळ पुस्तकाशी ताडून पाहत होतीस आणि रडायच्या बेतात होतीस. मला कोडमधलं काही कळत नव्हतं, म्हणून मी बाजूला दिसणारी फोल्डरांची रांग पाहत बसले होते. आपली फाइल एका वेगळ्याच फोल्डरमध्ये पडली होती. मी तसं म्हणाले. तू आधी "त्यानं काय होते?" म्हणालीस, मग थांबलीस, पुस्तकाची मागची पानं उलटलीस. फ्रेमवर्क फक्त आपल्या मुख्य फोल्डरच्या आत शोधतं. बाहेर जे राहिलं ते त्याच्या लेखी नाहीच. चूकही दाखवत नाही.

फाइल आत ओढली आणि नमस्कार उमटला.

"वहिनी, तू कसं काय पाहिलं वं हे!" तू ओरडलीस. बाहेर दादांनी ग्राहकासमोर मान वळवून पाहिलं. 'तुम्ही'चं 'तू' झालं ते त्या दुपारी, आणि पुन्हा कधी 'तुम्ही' झालं नाही.

कापूस वेचायच्या दिवसांत झरीकडच्या जंगलालगतच्या एका गावात वेचणीला गेलेली बाई परत आली नाही. ती कशी सापडली ते तुला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. त्यानंतर गावोगावच्या मोबाइलवर फोटो फिरू लागले. कुठले कुठले वाघ, कुठली जुनी प्रेतं. एका सकाळी आपल्या बसस्टँडमागे जनावर आलंय अशी हूल उठली, शाळा ओस पडली, लोक घरात कोंडून बसले. आणि त्याच सकाळी ते खरोखर होतं पार दुसऱ्या बाजूच्या नाल्यात, जिथं बायका गवत कापत होत्या. त्या वाचल्या, कारण त्यांची कुत्री भुंकली.

पुस्तकात तोवर आपण निम्म्यावर आलो होतो. त्यातला सरावाचा प्रकल्प होता पुस्तकविक्रीचं दुकान. ग्राहक येतो, पुस्तक निवडतो, टोपलीत टाकतो. त्या दिवशी तू दुकानाचा सगळा कोड बाजूला सारलास.

"मुकुटबनात पुस्तकाचं दुकान कोण पाहून राह्यलं? आपण जनावराचं करू."

धडे तेच राहिले, आपण फक्त माल बदलला. पुस्तकात ग्राहकाची मागणी होती तिथं आपण गावकऱ्याची खबर बसवली. गाव कोणतं, काय दिसलं, जनावर, पाऊलखूण की मारलेलं ढोर, आणि जमलं तर फोटो. खबर आली की आपल्यापैकी एकीनं त्या माणसाला फोन करायचा, खात्री करायची आणि 'मान्य' दाबायचं. मग नकाशावर त्या गावावर लाल ठिपका. काही दिवसांनी ठिपका आपोआप पुसला जायचा. ते कसं करायचं ते वेळापत्रकाच्या धड्यात होतं आणि तो धडा मी एकटीनं वाचून तुला समजावला होता. तुझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं सर्व्हरवर जागा करून दिली. दादांनी दुकानाच्या दारावर वेबसाइटचा पत्ता छापून लावला.

आईंना मात्र ते पहिल्या दिवसापासून नको होतं. त्यांनी कधी 'वाघ' म्हटलं नाही. "जनावर म्हनावं. नाव घेतलं का त्याले आयकू जाते." एकदा चहा घेऊन आत आल्या, पडद्यावरचे ठिपके पाहिले आणि कप टेबलावर ठेवायचा विसरून तशाच उभ्या राहिल्या. "हे तं तुमी त्याले घरात बोलावून राह्यल्या," म्हणाल्या. तू हसलीस. मला हसू आलं नाही.

कारण सुरुवातीला ठिपके कुठंही असायचे, विखुरलेले. मग ते एका नाल्याच्या काठानं, एकामागे एक, ओळीत येऊ लागले. आपण दोघी नकाशाकडे पाहायचो आणि पुढचं गाव कोणतं ते आपल्याला कळायचं. त्या गावाला अजून काही ठाऊक नसायचं. त्यांच्याकडे बैल चरत असायचे, पोरं बोरं गोळा करत असायची, आणि इथं मागच्या खोलीत आपण गप्प बसलेल्या. एकदा तू असंच त्या पुढच्या गावच्या गुरुजींना फोन लावलास आणि आज वावरात कोणी एकटं जाऊ नका म्हणून सांगितलंस. दुसऱ्या सकाळी त्यांचाच फोन आला. विहिरीजवळ पाऊल उमटलं होतं, ओलं. मला वाटलं, तू खूश होशील. तू खुर्ची पडद्यापासून मागे सरकवलीस आणि हात मांडीत घेऊन बसलीस.

नंतर एक माणूस आला. सातबारा काढायला आलेला, आडदांड, हसऱ्या चेहऱ्याचा. दादांनी सहज विचारलं, तुमच्याकडं जनावराचं काय? तो म्हणाला, "आमच्या गावावर ठिपकाच नाई ना. पोरानं मोबाइलवर दाखवलं. बायका बिनधास्त वावरात जाऊन राह्यल्या."

तू आतून उठून बाहेर गेलीस. "काका, तुमच्या गावातून फोन लागते का?"

"थो कुठचा लागते? टेकडीवर चढा लागते. मीच इकडं आलो का पाहतो."

"मंग तुमच्या गावातून खबर कशी येईल?"

त्याला प्रश्न कळला नाही. कागद घडी करून तो निघून गेला. तू कितीतरी वेळ दारात उभी होतीस. मग आत येऊन नकाशा मोठा केलास आणि जंगलातली कोरी गावं बोटानं दाखवत गेलीस. इथं रेंज नाही. इथं नाही. इथंही नाही. "वहिनी, जिथं ठिपका नाई तिथं जनावर नाई असं लोक समजून राह्यले. आन् तसं आपणच त्याहिले सांगून राह्यलो."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. तुझं म्हणणं, ज्या गावातून खबर येऊच शकत नाही त्या गावावर राखाडी रंग मारायचा आणि लिहायचं 'माहिती नाही'. मी म्हणाले, मग अर्धा नकाशा राखेसारखा होईल. लोकांना वाटेल यांना काही ठाऊकच नाही, आणि जे ठाऊक आहे तेही कोणी पाहणार नाही. लाल ठिपक्यांनी जे दोन जीव वाचतात तेही जातील.

"खरं असलं तरी लिहायचं नाई?"

"खरं असलं तरी. लोकांना खरं किती आणि कसं सांगायचं ते पण बघावं लागतं, प्रज्ञा."

"हे तू बोलून राह्यली? गणितवाली?"

आपण कोणत्याही गोष्टीवर इतक्या वेळा भांडलो नाही. भाजी निवडताना भांडलो, कपडे वाळत घालताना भांडलो. आई म्हणायच्या, दोघी जावा-जावा असत्या तरी एवढ्या भांडल्या नसत्या. शेवटी तू म्हणालीस, ठीक आहे, राखाडी नको. मग त्या गावांची खबर मीच आणते.

बाजाराच्या दिवशी तू स्कूटी काढायचीस. एका गावात अंगणवाडीच्या ताई, एका गावात किराणावाला, आणि सगळ्यात आत, कोलाम आदिवासींच्या पोडावर सोमाबाई. पोड म्हणजे त्यांची वस्ती, दहा-पंधरा घरांची, पुढं रस्ताच नाही. सोमाबाईविषयी तू घरी येऊन सांगत सुटायचीस. ती जंगलात मोह वेचते, तिनं जनावर जवळून पाहिलंय आणि तरी ती त्याला शिव्या देत नाही. दादा म्हणायचे, एकटी जाऊ नको. तू म्हणायचीस, मंग चाला सोबत. दुकान सोडून ते दोनदा आले, मग आले नाहीत. पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं, तू तारीख पुढं ढकललीस. मी विचारलं, खरंच जाणार आहेस का? तू म्हणालीस, "पाहू." तू गेली असतीस का, प्रज्ञा? कधी वाटतं, गेली असतीस आणि आम्हाला विसरली असतीस, आणि मी आनंदानं तुला शिव्या घातल्या असत्या. कधी वाटतं, तू जाणारच नव्हतीस आणि हे तुला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी निघताना तू उभ्यानं चहा प्यालीस. पुस्तकातला चाचण्यांचा धडा उघडा होता. कोड बरोबर आहे हे कोडनंच कसं तपासायचं, त्याचा. मी पुन्हा राखाडी रंगाचा विषय काढला. खरं तर मला तुला थोडा वेळ थांबवायचं होतं, आभाळ गढूळ होतं आणि मला उगाच अस्वस्थ वाटत होतं. तू हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणालीस, "आता नाई. आल्यावर भांडू."

दिवेलागणीला एका ट्रॅक्टरवाल्यानं तुझ्या फोनवरून दादांना फोन केला. दादा शेजाऱ्याची गाडी घेऊन गेले. ते सांगतात, रस्त्याच्या एका कडेला तू होतीस आणि दुसऱ्या कडेला डुक्कर, मोठं, सुळेवालं. ते अजून धापत होतं. तू पण. वणीच्या दवाखान्यात पोचायच्या आधी तू थांबलीस. डुकराचं काय झालं ते दादांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते तुला कोणीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तुला स्मशानात नेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. मला कुठंतरी बसायचं होतं, म्हणून मी मागच्या खोलीत गेले आणि सवयीनं कॉम्प्युटर सुरू केला. एक खबर मान्यतेची वाट पाहत होती. गावाच्या जागी त्या रस्त्याजवळच्या गावाचं नाव. प्रकार: माणसावर हल्ला. खाली लिहिलं होतं, 'वाघाने मुलीला ठार केले.' त्याच्यामागे अजून एक तशीच. मग अजून एक. तुझंच मरण तुझ्याच वेबसाइटवर येऊन रांगेत उभं होतं, आणि 'मान्य' की 'अमान्य' हे दाबायला आपल्यापैकी मी एकटी उरले होते.

मी अजून तिथंच होते तेव्हा दारात माणसं आली. आपल्याच ओळखीची, चार गावांची. दादांना बाहेर बोलावलं. त्यातला वयानं मोठा माणूस हात जोडून म्हणाला, "भाऊ, पोरगी तं गेली. आता तुम्ही वाघच म्हणा. तुमचा शब्द असला तं इकडं पिंजरा लागल. नाई तं उद्या आमच्या घरची कोणी."

त्यांना खोटेपणा करायचा नव्हता. ते घाबरलेले होते. आणि खरं सांगू? मला क्षणभर वाटलं, म्हणू देत. तुला आता काय फरक पडतो? तुझ्या नावानं एक पिंजरा लागला तर तुलाच आवडेल. दादा खाली पाहत उभे होते. त्यांच्या चपलांवर अजून तुझं रक्त होतं, धुवायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते "मी काय म्हणू" एवढंच पुटपुटले.

तेव्हा आई बाहेर आल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाघ नव्हता."

"काकू, पण..."

"वाघ नव्हता म्हनलं ना. डुक्कर होतं. तुमी तिथं वाघाले पाहाल, आन् थो दुसरीकडंच राहील. माही पोर याच्यासाठीच तं हिंडत होती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, काय दाबाचं असते थे दाब."

आईंनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, प्रज्ञा. वाघ. मी 'अमान्य' दाबलं. प्रत्येक खबरेवर, वेगवेगळं. माणसं निघून गेली. त्यातली काही अजून आमच्याशी बोलत नाहीत.

त्यानंतर मी पुस्तक उघडलं. मी एकटीनं. राखाडी रंगासाठी प्रत्येक गावाच्या नोंदीत एक नवी गोष्ट घालावी लागणार होती, रेंज आहे की नाही. मी घातली तर सर्व्हर सुरूच होईना. पडदाभर लाल ओळी आल्या. पुस्तकात लिहिलेलं आणि आपल्या आवृत्तीत असलेलं यांचा मेळ बसेना. मी तुझ्यासारखं मोठ्यानं वाचून पाहिलं, आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला समजावून सांगितलं. बाहेर ग्राहकांना वाटलं असेल, हिचं काही खरं नाही. दोन ठिकाणी लिहिलेल्या एकाच नावात एक इंग्रजी अक्षर लहान-मोठं झालं होतं, तेवढंच. सापडलं तेव्हा ओरडायला कोणी नव्हतं.

मी हरले असं समजू नको. मला अजूनही वाटतं की लोक राखाडी नकाशा पाहणार नाहीत, आणि पाहतही नाहीत फारसे. झरीच्या बाजूचा पट्टा आता ढगाळ आभाळासारखा दिसतो. परवा एकाचा फोन आला, "नकाशा बिघडला का वो?" मी म्हटलं, "नाही. आता बरोबर आहे." मग त्यानं विचारलं, माहिती नाही म्हणजे काय समजायचं? मी म्हटलं, म्हणजे सांभाळून राहायचं. तो म्हणाला, "मंग आमी तं आतापर्यंत..." आणि फोन ठेवला.

पुढचा बाजाराचा दिवस आला. मी सकाळी दादांना म्हणाले, मला पोडावर जायचं आहे. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं पूर्ण खाली ओढलं, कुलूप घातलं आणि मोटारसायकल काढली. आई दाराशी आल्या, आम्हाला पाहिलं, आणि आत जाऊन भाकरी बांधून आणली.

त्या जागेजवळ दादांनी गाडी हळू केली, थांबवली नाही. पुढं सागाचं जंगल लागतं तिथं मोबाइलवरची रेंजची खूण एकेक दांडी करत गेली. पानगळ झालेली, खाली सगळीकडे मोठी कोरडी पानं. कोणी चाललं तर आवाज होईल असं वाटतं, पण तू म्हणायचीस, त्याचा होत नाही.

पोडात शिरताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तिथं बाजाराला जाण्याची गडबड नव्हती. सगळी माणसं घरीच. अंगणांत काटेरी कुंपणं नव्यानं घातलेली. सोमाबाईनं मला कधी पाहिलं नव्हतं, मी तिला ओळखलं, तू नक्कल करून दाखवायचीस तशीच ती कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं गाडीजवळच्या दादांना ओळखलं आणि मग मला विचारलं,

"तू तिची वहिनी ना? थे सांगे, माही वहिनी लय भांडते म्हणून." तिनं माझ्या पाठीमागे रस्त्याकडे पाहिलं. "थे कुठं हाय? मागून येऊन राह्यली का?"

त्यांना ठाऊक नव्हतं, प्रज्ञा. जनावराच्या भीतीनं कित्येक दिवस पोडातून कोणी बाहेर पडलं नव्हतं, आणि आत येणारी तू एकटीच होतीस. तुझ्या जाण्याची खबर इथवर पोचली नव्हती.

मी काही बोलायच्या आत ती माझा हात धरून घरामागे घेऊन गेली. तिथं ओल्या मातीत एक बांबूचं टोपलं पालथं घातलेलं होतं, वर दगड ठेवलेला. "पाय झाकून ठेवला तिच्यासाठी. पोरं तुडवत होती, मी येऊ नाई दिलं कोणाले. तिनंच सांगतलं होतं, फोटो काढल्याबिगर पुसू देऊ नको म्हणून." तिनं दगड उचलला, टोपलं बाजूला केलं. वाघाचं पाऊल मी आजवर फोटोतच पाहिलं होतं. माझा तळवा त्यात मावला असता. घराच्या भिंतीपासून ते पाऊल इतकं जवळ होतं की आत झोपलेल्या माणसाचा श्वास त्याला ऐकू गेला असेल.

"काढ फोटो," सोमाबाई म्हणाली. "तिले दाखव. खूश होईन."

मी फोटो काढला. मग सांगितलं. डुक्कर होतं म्हणून पण सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं तरी. सोमाबाईनं कोलामीत मागच्या बायकांना काहीतरी म्हटलं, फार थोडे शब्द. एक बाई पाखडत होती ती सूप घेऊन तशीच खाली बसली. कोणी मोठ्यानं रडलं नाही. दादा गाडीजवळ उभे होते, एक म्हातारा त्यांच्याजवळ जाऊन त्यांच्या खांद्याला टेकून उभा राहिला.

आम्हाला तिथं पाणी दिलं, नंतर जेवू घातलं. आईंनी दिलेल्या भाकरी मी त्यांच्या टोपलीत ठेवल्या. बायकांनी मला सगळं सांगितलं. आवाज कोणत्या बाजूनं आला, बकरी कोणाची गेली, पाणी प्यायला ते कुठं उतरतं. मी ऐकून घेतलं. तुला हवं असतं तसं, मधे न बोलता.

निघायच्या वेळी सोमाबाई गाडीपर्यंत आली. उन्हं झाडांच्या बुंध्यांवर आली होती. तिनं विचारलं, "पुढच्या बाजारी कोण येईन?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी."

ती मला बराच वेळ निरखत राहिली. माझ्या हातांकडे, पायांतल्या चपलांकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे. मग तिनं जंगलाच्या वाटेकडे पाहिलं आणि म्हणाली, "उजेडात ये, बाई. आन् उजेडातच जा."